पाळी आणता येते, पण बीज सुटलं का?

अकोल्याचं लेडी हार्डिंग असो की अमरावतीचं डफरीन, जिल्हा स्त्री रुग्णालयाच्या ओपीडीत ही तक्रार नेहमीची: "दोन-दोन मयने पाळीच येऊन नाही रायली, अन् दिवस बी नाही रायले."

त्याआधी गावात बहुधा एक इलाज झालेला असतो. पाच-दहा दिवस गोळ्या घ्यायच्या. त्या थांबल्या की काही दिवसांत पाळी येते आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण गोळीतल्या प्रोजेस्टेरॉनचा अंमल ओसरला की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, एवढंच त्या रक्ताचं कारण. बीजकोशातून बीज सुटल्याचा तो पुरावा नव्हे. अस्तर फाजील जाड होऊ नये म्हणून या गोळ्या लागतात. दिवस राहायला मात्र बीजच सुटावं लागतं.

बीज चौदाव्या दिवशी सुटतं, हा हिशेबही इथे चुकतो. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. म्हणजे चक्र 40 दिवसांचं असेल, तर 26व्या दिवसाच्या आसपास. अशा बाईची प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी 21व्या दिवशी केली, तर बीज सुटण्याआधीच 'बीज सुटलं नाही' असा शेरा मिळायचा. ती तपासणी 33व्या दिवसाच्या सुमारास हवी.

बीज न सुटण्याचं सर्वांत मोठं कारण पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेची 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली; निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार त्यांतल्या 22.5 टक्के जणींना तो होता. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही संप्रेरकंही तपासावीच लागतात. वजन जास्त असेल, तर 5 ते 10 टक्के घटल्यावरही अनेकींची पाळी रुळावर येते. पीसीओएसमध्ये बीज पिकवायला आज पहिली पसंती लेट्रोझोल या औषधाला आहे. वंध्यत्वासाठी ते वापरण्यावर भारतात 2011 साली बंदी आली होती, ती 2017 मध्ये उठली. मात्र ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं.

एरवी वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावं असं सांगतात. पाळीच बेभरवशाची असेल, तर तेवढंही थांबू नये. आणि मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. तरी ती सगळ्यात शेवटी होते. लाइन आहे की नाही हे न पाहता विहिरीवरची मोटार खोलून बसावं, तसलाच हा प्रकार. पहिल्याच भेटीत दोघांच्याही तपासण्या लिहून घ्या.