जुनी फीत, नवा पडदा

माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या तळाशी पुस्तकाएवढी एक काळी पेटी कदाचित तुमच्याही घरी असेल. 'आत्याचे लग्न', 'दादाची मुंज' असे काहीतरी तिच्या पाठीवर लिहिलेले असते. हीच व्हीएचएस कॅसेट. १९७६ साली ती जपानमध्ये प्रथम विक्रीस आली. कॅसेट आहे, व्हीसीआरही चालू आहे. पण नव्या टीव्हीला तो जोडायचा कसा? दोघांची भाषाच निराळी! ती कशी, हे आधी पाहू या.

फितीवरील चुंबकीय खुणांपासून व्हीसीआर एक विद्युत्-संदेश तयार करतो. चित्राचा भाग उजळ असेल तेथे संदेशाचा दाब अधिक, काळोखा असेल तेथे कमी. हा सारा चढउतार सुमारे १ व्होल्टमध्ये बसवलेला असतो. भारताने स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत एका चित्राच्या ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. एका ओळीच्या वाट्याला अवघे ६४ मायक्रोसेकंद! जुन्या टीव्हीच्या नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत याच तालावर डावीकडून उजवीकडे धावे आणि दाबाप्रमाणे पडदा उजळत जाई.

नव्या टीव्हीत असा झोत नाही. त्याचा पडदा म्हणजे ठिपक्यांचा तक्ता, आणि प्रत्येक ठिपक्याला हवा असतो आकडा. म्हणून संदेशाचा दाब क्षणोक्षणी मोजावा लागतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तो सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा मोजतात. ६४ मायक्रोसेकंदांत किती मापे झाली, गुणाकार करून पाहा. उत्तर येईल ८६४. त्यांपैकी ७२० मापे ओळीच्या दिसणाऱ्या भागाची, आणि ६२५ पैकी ५७६ ओळी चित्राच्या. उरलेला वेळ झोताला मागे परतण्यासाठी राखलेला असे.

आता जोडणी. व्हीसीआरच्या पाठीमागे वाटोळी भोके दिसतील. पिवळे चित्राचे, पांढरे व तांबडे आवाजाचे. टीव्हीलाही तशीच भोके असतील, तर रंगाला रंग जुळवून वायरी लावा आणि रिमोटवर 'एव्ही' निवडा. काही टीव्हींना 'एव्ही' लिहिलेले एकच बारीक भोक असते. त्यासाठी त्या टीव्हीबरोबर आलेलीच जोडवायर वापरा. दिसायला सारख्या वायरींची आतील जोडणी वेगळी असू शकते. केवळ 'एचडीएमआय'चे भोक असेल, तर मात्र नुसत्या वायरीने भागत नाही. दाब मोजून आकडे करणारी छोटी पेटी मध्ये बसवावी लागते आणि तिला वेगळी वीज द्यावी लागते. विकत घेताना ती 'एव्हीकडून एचडीएमआयकडे' नेणारी आहे ना, हे पाहून घ्या. उलट दिशेची पेटी येथे निरुपयोगी!

काही टीव्हींत पिवळे आणि हिरवे भोक एकच असते. तेथे चित्र कृष्णधवल दिसले तर व्हीसीआर बिघडला असे समजू नका. टीव्हीने केवळ उजेडाचा संदेश वाचला, रंगाचा सोडला, एवढेच. रंगाची माहिती सेकंदाला सुमारे ४४ लाख ३० हजार कंपनांच्या एका वेगळ्या लहरीवर स्वार झालेली असते. १९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच निकामी झाले नाहीत, ते या युक्तीमुळेच. टीव्हीची निवड 'एव्ही'वर आणा, की रंग परततील.

चित्र आले, पण आत्या एकाएकी जाड कशी झाली? जुन्या चित्राची रुंदी व उंची ४:३, नव्या पडद्याची १६:९. चित्र ताणले, की माणसे एकतृतीयांशाने रुंद होतात. टीव्हीत '४:३' निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तरी चालतील. १०८० ओळींच्या पडद्यावर एवढ्या भागात १४४० गुणिले १०८०, म्हणजे १५,५५,२०० ठिपके येतात. आपल्याजवळ मापे आहेत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. पडदा पावणेचार पट मागतो! कमी पडलेले ठिपके टीव्ही शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. म्हणून चित्र थोडे मऊ, पुसट दिसते. त्यात दोष टीव्हीचा नाही.

एक सूचना मात्र विसरू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे डाग दिसले, तर ती बुरशी असू शकते. कोकणासारख्या दमट हवेत ती सहज धरते. अशी कॅसेट लावू नका. बुरशी व्हीसीआरच्या डोक्याला आणि तेथून दुसऱ्या फितींना लागते. जाणकाराकडून ती साफ करून घ्या.

फीत काही अमर नाही. तिच्यावरील चुंबकीय थर झिजतो, आणि व्हीसीआर बनवणारा शेवटचा मोठा जपानी कारखानदारही २०१६ मध्ये थांबला. तेव्हा कॅसेट लावाल, तेव्हाच संगणकाला जोडण्याच्या साधनाने तिची आकड्यांतील प्रतही करून ठेवा. आज हयात नसलेल्या पणजीचा आवाज कदाचित त्या एकाच फितीवर असेल. शाळेतही जुन्या संमेलनांच्या कॅसेटी पडून असतील. शिक्षकांना विचारून पाहा बरे!