भूगोलाच्या पुस्तकातली कादंबरी

मित्रमैत्रिणींनो, अगदी खरं सांगा हं! भूगोलाच्या पुस्तकात दुसरंच पुस्तक लपवून तुम्ही कधी वाचलंय का? मी वाचलंय. नववीत असताना, सिरसाळ्याच्या आमच्या घरात, ओसरीवर बसून. बाहेर ऊन रखरखत होतं आणि माझ्या कादंबरीत नायक-नायिका मस्त पावसात भिजत होते!

आजीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण नातीचा चेहरा बरोबर वाचता यायचा. ती म्हणाली, "भूगोल वाचून कुणी लाजतंय का गं? काय वाचायलीस? मलाबी सांग की."

मी घाबरत घाबरत गोष्ट सांगितली. आजीनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि एकच विचारलं, "लगीन झाल्यावर त्या पोरीचं कालेज चालू ऱ्हायलं का?"

मी पानं उलटून पाहिली. कादंबरी तर लग्नापाशीच संपली होती! तेव्हापासून प्रेमाची कोणतीही कादंबरी वाचली, की आजीचा हा प्रश्न मी तिला विचारतेच.

आता तुम्ही म्हणाल, मग अशा कादंबऱ्या वाचूच नयेत का? छे, छे! असं कोण म्हणतंय? आपल्या मराठीत तर त्यांची मोठी परंपरा आहे. ना. सी. फडके यांच्या कादंबऱ्यांवर एकेकाळी तरुण मंडळी अक्षरशः फिदा होती. त्याच काळात वि. स. खांडेकर लिहीत होते. कला कलेसाठी की जीवनासाठी, या दोघांच्या वादावर महाराष्ट्र हिरिरीनं बोलायचा. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. हवं ते मिळालं तरी ज्याचं मन भरत नाही, अशा राजाची ती गोष्ट. खांडेकरांना पुढे ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले.

आणखी एक गंमत ऐका. आपण पुस्तक लपवतो ना, तसं काहींना स्वतःचं नावच लपवावं लागलं! १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींच्या मनातलं त्यात सरळ सांगितलं होतं. केवढी खळबळ उडाली! लेखिकेचं नाव होतं विभावरी शिरूरकर, पण ते टोपणनाव. ही बाई कोण, हे लोकांना कितीतरी वर्षं कळलंच नाही. त्या होत्या मालती बेडेकर. तिकडे इंग्लंडमध्ये जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ साली निघाली, तेव्हा तिच्यावरही नाव नव्हतं. छापलं होतं फक्त 'एका स्त्रीकडून'. मुलीनं प्रेमाबद्दल बोलायचं, म्हणजे असं आडून आडून!

आता माझी मतं सांगते. पटली नाहीत तर खुशाल भांडा.

पहिलं मत: या कादंबऱ्या आपल्याला शब्द देतात. पोटात उगाच गोळा येतो, कुणी बोललं नाही की दिवस वाईट जातो, हे सगळं फक्त आपल्यालाच होत नाही, हे कळतं. केवढा धीर येतो!

दुसरं मत: बऱ्याच कादंबऱ्या साच्यातल्या असतात. देखणा आणि श्रीमंत नायक, एक गैरसमज, एक अपघात आणि शेवटी सनई-चौघडे. मोबाईलवर भागाभागांनी येणाऱ्या गोष्टीही काही वेगळ्या नाहीत. साचा ओळखता आला, की वाचायला आणखी मजा येते, पण मग आपण फसत नाही.

तिसरं मत जरा रागाचं आहे. नायिका 'नाही' म्हणते आणि नायक तिच्या मागे मागे फिरतो. शेवटी ती 'हो' म्हणते आणि लेखक त्याला प्रेम म्हणतो! मुलांनो, खऱ्या आयुष्यात 'नाही' म्हणजे नाहीच. रोज शाळेच्या वाटेवर कुणी मागे यायला लागलं, तर त्या मुलीची शाळाच बंद होते. हे कादंबरीत येत नाही, पण आपल्याकडे घडतं.

आणि चौथं मत म्हणजे आजीचाच प्रश्न. बीड जिल्ह्यातली हजारो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. मागे एकट्या राहणाऱ्या लेकीची काळजी असतेच, त्यात जोडी झाली की उचल मिळते. मग कोवळ्या वयातच लग्न उरकलं जातं. माझ्या वर्गातली, माझ्याच हातून कादंबऱ्या नेणारी मैत्रीण दहावीच्या बाकावर दिसलीच नाही. तिची गोष्ट लग्नापाशी संपली नव्हती, शाळा मात्र संपली होती. मुलीचं १८ आणि मुलाचं २१ वर्षांच्या आत लग्न लावणं हा कायद्यानं गुन्हा आहे. असं कुठे होताना दिसलं, तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. लक्षात ठेवा बरं का!

मग वाचायचं तरी काय? मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद, त्याचे मित्र आणि शिरोडकर. त्यात प्रेम आहे, पण वर्ग आहे, घर आहे, परीक्षाही आहे. थोडे मोठे झालात की सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' घ्या. सिनेमा पाहिला असेल, तरी पुस्तक वाचाच.

आणि आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. लेकराच्या हातात अशी कादंबरी दिसली, तर हिसकावून घेऊ नका. "काय वाचायलीस? मलाबी सांग की," एवढंच म्हणा. माझी आजी रागावली असती, तर मी दुसरं पुस्तक आणखी आत लपवलं असतं. तिनं प्रश्न विचारला, म्हणून मी विचार करायला लागले.

आता तुमची पाळी! शेवटी वाचलेल्या कादंबरीला आजीचा प्रश्न विचारा. आणि उत्तर सापडलं नाही, तर पुढचं प्रकरण तुम्हीच लिहून काढा.