विद्युत् गिटार
विद्युत् गिटार : पोलादी तारांच्या कंपनांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करून ते विवर्धकाच्या साहाय्याने मोठ्या आवाजात ऐकविणारे तंतुवाद्य. साध्या गिटारचा आकार तिच्या पोकळ नादपेटीच्या गरजेतून ठरतो. विद्युत् गिटारमध्ये ही गरज उरली नाही, तेव्हा वाद्याचा आकार कसा असावा, हा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. तिच्या रचनेचा इतिहास म्हणजे मुख्यतः ह्या प्रश्नाला मिळालेली उत्तरे होत.

पूर्वपीठिका : स्पेनमधील आंतोन्यो दे तोर्रेस (१८१७–९२) ह्या वाद्यनिर्मात्याने नादपेटी मोठी करून व तिच्या वरच्या पातळ फळीखाली पंख्याच्या आकारात पट्ट्या बसवून गिटारला तिचे अभिजात रूप दिले. तथापि विसाव्या शतकातील अमेरिकन नृत्यवृंदांत पितळी वाद्ये व ढोल ह्यांच्यापुढे तिचा आवाज क्षीण पडे. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये व्हायोलिनसारखे कमानदार पृष्ठ असलेली एल-५ ही गिटार तयार केली, तर जॉन डोप्येरा ह्याने धातूचे शंकू बसविलेली गिटार १९२७ च्या सुमारास बनविली.

उदय : जॉर्ज बीचम ह्याने १९३१ मध्ये सिद्ध केलेली व रिकेनबॅकर ह्या नावाशी निगडित असलेली ॲल्युमिनियमची गिटार १९३२ मध्ये विक्रीस आली. वाटोळे अंग व लांब दांडी ह्यांमुळे तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणजे तळणीचा तवा असे नाव पडले. ती मांडीवर आडवी ठेवून हवाई पद्धतीने वाजवीत. तारांजवळ चुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की, चुंबकीय क्षेत्र बदलून वेटोळ्यात क्षीण प्रवाह निर्माण होतो. ह्या घटकास ‘पिकप’ म्हणतात. १९३६ मध्ये गिब्सनने पोकळ अंगाच्या ईएस-१५० ह्या गिटारवर तो बसविला. चार्ली क्रिश्चन (१९१६–४२) ह्या जॅझवादकाने तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु आवाज वाढविताच ध्वनिवर्धकातील नाद पोकळ पेटीस पुन्हा कंपित करी व कर्कश शिट्टी उमटे.

भरीव अंग : लेस पॉल (१९१५–२००९) ह्याने १९४० च्या सुमारास एका भरीव ठोकळ्यावर तारा चढवून हा दोष टाळला. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंस त्याने गिटारचे अर्धे भाग जोडले, ते आवाजासाठी नव्हे, तर केवळ वाद्य ओळखू यावे म्हणून. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर (१९०९–९१) हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजविता येत नसे. त्याच्या १९५० मधील ब्रॉडकास्टरचे अंग म्हणजे सपाट फळी होती व दांडी स्क्रूंनी जोडलेली असल्याने सहज बदलता येई. नावाचा वाद उद्‌भवल्याने १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये तीन पिकप व वादकाच्या शरीरास रुतू नयेत अशा गोलाकार कडा होत्या. गिब्सनच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारने मात्र कमानदार पृष्ठाची परंपरा राखली. सेथ लव्हर ह्याने योजलेला, गुणगुण नाहीशी करणारा दुहेरी वेटोळ्यांचा पिकप १९५७ पासून तीवर आला.

पुढील काळ : १९५८ मध्ये गिब्सनने बाणासारखी ‘फ्लाइंग व्ही’ व कोनयुक्त ‘एक्सप्लोरर’ ह्या गिटार काढल्या. त्या फारच थोड्या खपल्या व लवकरच मागे घेण्यात आल्या. १९५८–६० मधील लेस पॉल गिटारलाही तेव्हा विशेष मागणी नव्हती. पुढे एरिक क्लॅप्टन प्रभृती ब्रिटिश वादकांनी तिचा घनगंभीर स्वर लोकप्रिय केल्यावर १९६८ मध्ये ती पुन्हा बनविण्यात येऊ लागली. ह्या सर्व जुन्या गिटार आता दुर्मिळ व अतिशय महाग आहेत. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर ह्याने कार्बन तंतू वापरून शीर्षविरहित व लहान अंगाची वाद्ये बनविली. असे असले, तरी टेलिकास्टर व स्ट्रॅटोकास्टर फारसा बदल न होता आजही तयार होतात. ध्वनिशास्त्राने मोकळा केलेला आकार अशा रीतीने वादकांच्या व श्रोत्यांच्या सवयीने पुन्हा स्थिर केला.