एकूण नग किती?

शाळांचे निकाल लागले की डोंबिवलीतल्या घराघरांत माळ्यावरच्या बॅगा खाली उतरतात. वर्षभराची धूळ झटकली जाते, आतून डांबराच्या गोळ्या निघतात, कुलपाच्या किल्ल्यांची शोधाशोध होते. कोणी गावी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे निघालेलं असतं, कोणी यात्रा कंपनीबरोबर सिमला-मनालीला, तर कोणी नुसतंच चार दिवस महाबळेश्वरला. ठिकाणं निराळी, पण निघताना प्रत्येक घरातून ऐकू येणारा प्रश्न एकच : ''एकूण नग किती?'' आणि त्याचं उत्तर दर वेळी बदलतं. दारातून निघताना आठ, रिक्षात नऊ, फलाटावर पुन्हा आठ. हा नववा नग म्हणजे आयत्या वेळी कुणीतरी हातात दिलेली पिशवी. तिच्यात दशम्यांचा डबा, एक छत्री आणि कुणाचा तरी ओला टॉवेल असतो.

सामान कसं भरावं याविषयी सल्ल्यांची वाण नाही. कपड्यांच्या घड्या घालाव्यात की गुंडाळ्या कराव्यात, यावर तर दोन पंथच आहेत. पण सल्ला देणारी ही मंडळी बहुधा घराच्या दारातून मोटारीत आणि मोटारीतून विमानतळावर जाणारी असावीत. डोंबिवलीकरांचं तसं नाही. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली ती १८५४ साली. तेव्हापासून रूळ आपल्या गावातून जातात, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या डोंबिवलीला न थांबता धडधडत निघून जातात. सुट्टीवर जायचं तर आधी लोकल पकडून कल्याण, ठाणे नाहीतर दादर गाठायचं. म्हणजे खरा प्रवास सुरू होण्याआधीच एक पूल, एक लोकल आणि पुन्हा एक पूल. सरकते जिने आले हे खरं, पण सामान घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाला गर्दीच्या वेळी त्यांच्यापर्यंत पोहोचता आलं पाहिजे ना! आपल्या सामानाची परीक्षा मनालीत होत नाही, ती डोंबिवलीच्या फलाटावरच होते.

आता थोडा हिशेब करू. कोकणात जाणारी गाडी ठाण्याला दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्या वेळात चार माणसांनी आपला डबा शोधून चढायचं, त्यात एक मूल आणि एक आजी. सामानाचे नग चारच असतील तर प्रत्येक जण आपला नग उचलतो आणि चढतो. नऊ असतील तर बाबा आधी आत जातात, आई खालून एकेक नग देते, मागचे प्रवासी ओरडतात आणि आजी फलाटावरच राहते की काय अशी धाकधूक सगळ्यांना लागते. गंमत म्हणजे दोन्ही वेळचं वजन कदाचित तेवढंच असेल! रेल्वेचा नियम वजनाच्या बाबतीत तसा उदार आहे. स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलित डब्यात माणशी ४० किलो, टू-टियरमध्ये ५० किलो सामान फुकट नेता येतं. चौघांच्या कुटुंबाला झालं १६० किलो. एवढं घेऊन ज्याला डोंबिवलीचा पूल चढता येईल त्याचा सत्कारच करायला हवा. तेव्हा किलो बाजूला ठेवा आणि नग मोजा. जितकी माणसं तितके नग, आणि प्रत्येकाचा नग त्याच्या त्याच्या हाताला पेलणारा. खांद्याला अडकवायची एखादी लहान पिशवी फार तर त्याखेरीज. एवढा एक नियम पाळला, तर बाकीचे निम्मे सल्ले लागतच नाहीत.

पूर्वी हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटत असे. पत्र्याची ट्रंक, अंथरुणाची वळकटी किंवा होल्डॉल, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि फराळाचा डबा. ट्रंकेला हमाल, आणि एस.टी.ला टप. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी रात्रभर एस.टी.ने जाणाऱ्यांना टपावर चढवलेल्या सामानाची ताडपत्री आणि पावसाची भीती दोन्ही आठवत असतील. मग कडक कवचाच्या सुटकेसी आल्या. दिसायला ऐटदार, पण गाडीच्या बाकाखाली अर्ध्या आत आणि अर्ध्या सहप्रवाशाच्या नडगीला. त्यानंतर चाकं आली. अमेरिकेत बर्नार्ड सॅडो यांना चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं १९७२ साली. ती आडवी, पट्ट्याने ओढायची. आज आपण ओढतो ती उभी, लांब दांड्याची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने केली. डोंबिवलीच्या पुलाच्या पायऱ्या या दोघांनीही पाहिल्या नव्हत्या! चाकांमुळे आपण बॅगेत जास्त भरू लागलो. आणि जिन्याशी आलं की तीच बॅग, चाकं आणि दांडा यांच्या वजनासकट, हातात घ्यावी लागते. मोठी बॅग रिकामी असतानाच तीन-चार किलोंची भरते. म्हणून नवी बॅग घेताना दुकानदार ती फरशीवर फिरवून दाखवील, त्याला भुलू नका. ती एका हाताने उचलून बघा.

पण ही सगळी बॅग भरतं कोण? इथे जरा थांबायला हवं. बहुतेक घरांत सगळ्यांच्या बॅगा एकच व्यक्ती भरते, आणि ती व्यक्ती म्हणजे घरातली बाई. यातल्या कितीतरी जणी स्वतः लोकलने नोकरीला जाणाऱ्या. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात भाजी निवडत, मनात सामानाची यादी करत त्या घरी येतात आणि रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर पलंगावर बॅगा उघडतात. नवऱ्याचे शर्ट, मुलांचे मोजे, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्यांच्याच डोक्यात. मग गाडी सुटल्यापासून, ''अगं, माझा चार्जर कुठे ठेवलास?'', ''आई, माझी टोपी?'' हा तोफखाना सुरू होतो, कारण कुठे काय आहे हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. परत आल्यावर बॅगा रिकाम्या करून कपडे धुवायला टाकणारीही तीच. आठ दिवसांच्या सुट्टीतले तिच्या वाट्याला किती आले, हे एकदा घरात सगळ्यांनी बसून मोजावं.

सामान वाढतं तेही बरंचसं यामुळेच. जो दुसऱ्याची बॅग भरतो तो ''असू दे, लागलं तर?'' म्हणूनच भरतो. उद्या स्वेटर नाही म्हणून मुलाला सर्दी झाली तर बोल तिलाच लागणार. मग दोन स्वेटर. प्रत्येकाने आपली बॅग आपण भरायची आणि आपणच उचलायची, असं ठरलं की चमत्कार होतो. पूल चढायचाय हे कळलं की सातवीतला मुलगासुद्धा आपणहून क्रिकेटची बॅट बाहेर काढतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही यादी देऊन आपली सॅक भरू द्यावी. त्याने दात घासायचा ब्रश विसरला तर विसरू द्यावा. ब्रश देशभर मिळतो. आजी-आजोबांची बॅग मात्र त्यांच्या कलाने. त्यांचं पितळी फुलपात्र बाहेर काढण्यात मिळवाल त्याहून गमवाल जास्त. फक्त औषधं वेगळी घ्या. ती मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत. चिठ्ठीसकट, मुक्कामापेक्षा चार दिवसांची जास्त, आणि खांद्यावरच्या पिशवीत.

आता काय न्यावं? आठ दिवसांसाठी आठ जोड लागत नाहीत. चार पुरतात, मधे एकदा धुणं काढलं की झालं. त्यासाठी पाचेक हात दोरी आणि साबणाची वडी. जीन्सची विजार एक किलोच्या घरात जाते आणि धुतली तर मेमध्ये समुद्रकाठच्या दमट हवेत दिवसभर वाळत नाही. प्रवासाला ती अंगावरच ठीक. टर्किश टॉवेल असाच दगाबाज. तो जागा खातो, पाणी पितो आणि ओलाच बॅगेत जातो. आपला साधा सुती पंचा त्याहून किती शहाणा! मूठभर जागेत मावतो आणि वाऱ्यावर तासाभरात सुकतो. सोलापूरची चादर आणि सोलापूरचा टॉवेल या दोहोंचा अभिमान जरूर बाळगावा, पण घरी. वातानुकूलित डब्यात चादर-उशी-ब्लँकेट रेल्वे देते. स्लीपरला एक पातळ दुलई पुरे. थंड प्रदेशात एका जाडजूड कोटाऐवजी एकावर एक घालता येतील असे दोन-तीन पातळ कपडे बरे, आणि जड बूट पायातच घालून निघावं. साडी, तिचा परकर आणि ब्लाऊज यांची एकत्र घडी घातली की सकाळी बॅग उपसावी लागत नाही. मुलांचे कपडे रोजच्या रोज जोडीने गुंडाळावेत. जड वस्तू चाकांच्या बाजूला, कारण बॅग उभी केली की ती बाजू खाली येते. घडी की गुंडाळी, या वादाचा निकाल यापलीकडे लागायची गरज मला तरी दिसत नाही.

सामान भरण्यातले गुरू शोधायला दूर जायला नको. शनिवारी रात्रीची शेवटची कर्जत-कसारा लोकल पकडणारी गिर्यारोहक मुलं डोंबिवलीत काही कमी नाहीत. सॅकच्या आत आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी, मग जड वस्तू पाठीला चिकटून, आणि पावसाळी कोट सगळ्यांत वर. यात एकही गोष्ट शोभेची नसते. आणि वारकरी? आळंदीहून पंढरपूरला जवळजवळ तीन आठवडे, तेही पावसात. अंथरूण-पांघरूण आणि जादा कपडे दिंडीच्या ट्रकमध्ये, दिवसभर लागणारं तेवढं खांद्याच्या पडशीत. जवळ बाळगायचं सामान आणि मुक्कामालाच लागणारं सामान यांची ही फारकत आपल्याला का जमू नये? गाडीत रात्री लागणारी दुलई, पाणी, गोळ्या आणि दशम्या वरच्या पिशवीत असल्या की मोठी बॅग साखळीने बाकाखालच्या कडीला बांधून विसरून जाता येते.

फराळ मात्र हवाच. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी यांच्याविना मराठी माणसाची गाडी सुटत नाही. वाईट एवढंच की आपण तो स्टीलच्या डब्यांत भरतो. आतला जिन्नस संपतो, डबा तेवढाच राहतो. एकात एक बसणारे डबे घ्यावेत, नाहीतर सरळ कापडात आणि कागदात बांधावं. स्टोव्ह किंवा गॅसची शेगडी मात्र चुकूनही नको. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाचीही शिक्षा आहे. विमानाने जाणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. सुक्या खोबऱ्याला विमानात मनाई आहे. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या जिनसांत मोडतं. मोबाईलची पॉवर बँक नेमकी उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी. देशांतर्गत बहुतेक विमानांत बॅगेला १५ किलो आणि हातात ७ किलो अशी मर्यादा असते. ते घरीच बघायचं तर आधी एकट्याने आणि मग बॅग घेऊन वजनाच्या काट्यावर उभं राहावं, वजाबाकी करावी.

परतीचा विचार कुणीच करत नाही. कोकणातून निघताना आत्या आमसुलं देते, काकू कुळथाचं पीठ, शेजारची आजी फणसपोळी, आणि आंब्याची पेटी तर असतेच. जाताना चार असलेले नग येताना सात होतात, ते इथे. यावर उपाय एकच : जाताना एक बॅग संपणाऱ्या गोष्टींची. नातेवाईकांसाठी नेलेला खाऊ, वाटेतला फराळ, मुलांची जुनी पुस्तकं असं सगळं एकाच बॅगेत. गावी ती रिकामी होते, येताना भरते, नग तेवढेच राहतात. पिकायला आलेले आंबे मात्र बॅगेत कोंबू नयेत. त्यांना वारा लागतो आणि कपड्यांना डाग.

घरी पोचल्यावर बॅग माळ्यावर टाकण्यापूर्वी एक काम उरतं. घडीही न मोडता परत आलेल्या वस्तूंची यादी करा. तिसरा स्वेटर, दुसरी छत्री, जाडजूड कादंबरी, लग्नाकार्यात नेसायची साडी. कागदावर लिहून तो कागद बॅगेच्या आतल्या खिशात ठेवा, डांबराच्या गोळीशेजारी.