आईची अर्धी गोधडी

दिवाळीच्या साफसफाईत यंदा माळ्यावरून एक बोचके खाली आले. सोडून पाहतो तो आत आईची गोधडी! वर-खाली आजीची नऊवारी लुगडी, मध्ये जुन्या धोतरांचे थर. काठापासून धावदोरा घालीत ती चौकोनामागून चौकोन आत आली होती आणि मध्य गाठण्यापूर्वीच थांबली होती. सुई तशीच टोचलेली होती.

मी मराठी शिकवतो. आपली गोधडी अन् वाकळ, बंगालची कांथा, बिहारची सुजनी ही सारी एकाच कुळातली, जीर्ण वस्त्राला दुसरा जन्म देणारी, असे वर्गात रंगून सांगतो. हातात सुई मात्र कधी धरली नव्हती.

"बाबा, मशीनवर दोन तासांत पुरी करते," मुलगी म्हणाली. बोचक्यातच लुगड्याचे उरलेले तुकडे होते. त्यांचे थर लावून तिने आधी चाचणी घेतली.

आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले १८५१ साली. यंत्र वरचा धागा बॉबिनच्या धाग्यात अडकवते, म्हणून टीप पक्की बसते. पण यंत्राचे दाते फक्त खालचे कापड पुढे सरकवतात. वरचे थर मागे राहिले, चुण्या पडल्या. मी मनातून सुखावलो! मुलीने मग 'वॉकिंग फूट' नावाचा पाय बसवला. तो वरचे कापडही बरोबरीने ओढतो. चुण्या नाहीशा झाल्या.

अडचण निघाली ती निराळीच. लुगडे विरलेले. इंचाला दहा-दहा भोके पडताच ते टिपेच्या रेषेवर फाटू लागले. आईचे टाके इंचाला तीन-चार, तेही जरा सैल. ताण आला तर कापडाला हलायला जागा.

"नव्या कापडाला यंत्र, विरलेल्याला हात," सौभाग्यवतींनी निकाल दिला.

निकाल माझ्या बाजूचा होता, पण आनंद होईना. आईची पेरे दुखू लागली तेव्हा ती एकदा म्हणाली होती, "एखादं मशीन घ्यायचं का रे? नव्या कापडाच्या तरी होतील." मी हसून म्हणालो होतो, "अगं आई, मशीनची गोधडी ती काय गोधडी!" ती गप्प बसली. पुन्हा तिने विचारले नाही. हस्तकलेचा अभिमान माझा होता. दुखणारी बोटे तिची होती.

आता रात्री जेवणे आटोपली की मी सुईत दोरा ओवतो. टाके वाकडे जातात, बोटाला टोचते, वीतभर ओळीला अर्धा तास लागतो. मध्यापर्यंत पोहोचेतो पुढली दिवाळी उजाडेल. शेजारी मुलगी मशीनवर नव्या सुती कापडाची गोधडी शिवत असते.

तिच्या गोधडीला मी नावे ठेवीत नाही.