कॉफीचा डोंगर

वारंगा फाट्यावर तीन वाटा फुटतात. एक नांदेडला, एक हिंगोलीला, एक यवतमाळकडे. आम्ही नवराबायकोंनी पाटी वाचली आणि हिंगोलीची गाडी धरली. पुढे वाशीम, अकोला, परतवाडा करत घाट चढलो आणि चिखलदऱ्याला पोचलो. हे गाव सातपुड्यात, सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. इथे कॉफी पिकते.

आपल्या रानात का नाही पिकत? कॉफीला गारवा हवा, मोठ्या झाडांची सावली हवी. तिला पांढरी फुले येतात. मग हिरवी फळे धरतात, पिकली की लाल होतात. आत बहुधा दोन बिया असतात. त्या वाळवायच्या, भाजायच्या, दळायच्या. झाली कॉफी!

सावलीची झाडे तोडली, तर कॉफी होरपळते. झाडे राखली, तर कॉफी राहते आणि तोडणीवाल्यांची मजुरीही राहते.