पीकॉक बासची पिल्लं: ओळख आणि संगोपन

ॲमेझॉन आणि ओरिनोको खोऱ्यांतला हा सिक्लिड मासा. 2006 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ कुलँडर आणि फरेरा यांनी त्याच्या 15 जाती मांडल्या. बोटाएवढ्या पिल्लाच्या अंगावर तीन काळे डाग आणि शेपटीच्या मुळाशी डोळ्यासारखा ठिपका दिसला, की पीकॉक बास म्हणायला हरकत नाही. पण जात ठरवायची घाई नको, कारण वाढत्या वयात ठिपके-पट्टे पार बदलतात. टेमेन्सिस या जातीच्या डोळ्यामागचे काळे डाग किंवा ओरिनोसेन्सिस या जातीच्या अंगावरचे तीन ठळक ‘डोळे’ मोठेपणीच नीट उमटतात. विक्रेत्याने सांगितलेलं नाव म्हणूनच कच्चं धरावं. टेमेन्सिस मीटरभराच्या आसपास वाढतो; एवढी जागा नसेल तर पिल्लू आणूच नये, हे आमचं ठाम मत.

पाणी 26 ते 30 अंश, फिल्टर दमदार, सोबती सारख्याच मापाचे. लहान मासा सरळ गिळला जातो. खरी कसोटी खाण्याची. जिवंत गोल्डफिशची सवय लावू नका: त्यातल्या थायमिनेज या विकरामुळे बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं, शिवाय रोग येतात. कोळंबीचा तुकडा चिमट्याने पाण्यात हलवत धरा. हलतं ते भक्ष्य, एवढंच पिल्लाला कळतं. ते झेपावू लागलं की मग पेलेट, म्हणजे कोरडं दाणेदार खाद्य.